फळा उतरवून लिहिणं येत नाही

दुसरीतल्या मुलाची वही उघडा. पानं भरलेली असतात. टपोरं अक्षर, सरळ ओळी, खाली बाईंची सही आणि तारीख. आता त्या पानावरच्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवा आणि त्याला विचारा, हे काय लिहिलंयस? बरीच मुलं फळ्याकडे बघतात. काही शेजाऱ्याकडे बघतात. पान त्यांनीच भरलेलं असतं, पण ते त्यांना वाचता येत नाही.

याला आपण लेखन म्हणतो, त्याला गुण देतो, पालकसभेत वही फिरवतो. फळ्यावरच्या रेघा वहीत उतरवणं म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या चित्राची नक्कल. मुलाच्या मनातलं काहीच कागदावर येत नाही आणि कागदावरचं काहीच मनात जात नाही. शाळेचं पहिलं वर्ष असं गेलं की दुसरं तसंच जातं, आणि तिसरीत गेल्यावर आपण म्हणतो, हा कच्चा आहे.

मूल कच्चं नसतं. त्याला शिकवलेलं नसतं. या सदरात आज एवढंच म्हणायचं आहे, आणि ते ठासून म्हणायचं आहे.

मुलांना किती वाचता येतं याची पाहणी करणारा 'असर'चा अहवाल 2005 सालापासून येतोय. त्यातलं काम साधं आहे. गावात घरी जाऊन मुलासमोर कागद धरायचा. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठवर वाचतं ते लिहून घ्यायचं. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुलं 27.1 टक्के निघाली. कोरोनानंतर, 2022 मध्ये, हाच आकडा 20.5 होता. म्हणून काहींनी सुटकेचा निश्वास टाकला. पण कोरोनाच्या आधी, 2018 मध्ये, तो 27.3 होता. म्हणजे आपण जिथे होतो तिथे परत आलो. आणि जिथे होतो तिथे चारातली जवळपास तीन मुलं मागे होती. याला सुधारणा म्हणायची माझी तयारी नाही.

मग अडतं कुठे? आधी लिपीकडे बघू. मराठी मूल वाचायला शिकतं म्हणजे किती आकार ओळखायला शिकतं? 34 व्यंजनं धरा, त्यांना बाराखडीच्या बाराने गुणा. 408 झाले. ॲ आणि ऑ धरून चौदाखडी केली तर 476. जोडाक्षरं यात आलेलीच नाहीत. रफार अजून दूर आहे. त्यात 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व सहा वर्षांच्या डोळ्याला जुळे भाऊ वाटतात. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च एकच, पण तोंडात दोन वेगळे. मोठ्यांना हे सगळं सोपं वाटतं, कारण आपल्याला ते कधी अवघड होतं हे आठवत नाही. पहिलीला शिकवणं सोपं आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक आठवडा पहिलीचा वर्ग द्यावा.

एवढा मोठा डोंगर आपण मुलासमोर कसा ठेवतो? आधी सगळे स्वर, मग क पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य, आणि वर्षाच्या शेवटी कधीतरी गोष्ट. म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, मीठ, हळद एकेक करून वर्षभर चाटायला द्यायचं आणि मार्चमध्ये विचारायचं, खिचडी आवडली का? मधल्या आठ-नऊ महिन्यांत मुलाने अर्थ असलेली एक ओळसुद्धा वाचलेली नसते. वाचन म्हणजे काय हे त्याला कळणार कसं?

एका पहिलीच्या वर्गात मागे बसलो होतो. एक मुलगी 'नाक' हा शब्द वाचत होती. "न ला काना ना, क." बाई म्हणाल्या, मग काय झालं? ती पुन्हा म्हणाली, "न ला काना ना, क." तिसऱ्यांदाही तेच, आवाज मात्र थोडा मोठा. शेजारच्या मुलाने हळूच स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. ती ओरडली, "नाक!" आणि मग तिने पाटीवरच्या अक्षरांकडे असं बघितलं की जणू ती अक्षरं तिला आत्ताच दिसली. त्या मुलीला न येत होता, काना येत होता, क येत होता. पाटीवरचं ते जे काही आहे त्याचा आपल्या चेहऱ्यावरच्या नाकाशी संबंध आहे, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीचं वर्ष अर्ध्याहून अधिक संपलं होतं.

यावर उपाय सापडलेला नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने फलटणला जावं. मॅक्सिन बर्नसन या जन्माने अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. त्या महाराष्ट्रात आल्या, फलटणला राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवत बसल्या. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची आणि कमला निंबकर बालभवनची पद्धत ऐकायला साधी आहे. सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नका. थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं एकत्र घ्या, आणि पहिल्या गटापासूनच अर्थाचे शब्द वाचायला द्या. समजा म, क, न, ल, र ही पाच अक्षरं घेतली, आणि काना व दुसरी वेलांटी. आता बघा काय काय होतं: मका, मामा, काका, काकी, कान, नाक, मान, रान, काम, लाल, मीना, नीला, कमान. 'नाक लाल' म्हणता येतं. 'नीलाला मका' म्हणता येतं. थोड्या दिवसांत मूल पाटीवर काहीतरी वाचतं आणि हसतं. ते हसणं हाच पुरावा की वाचन झालं.

ही पद्धत काही दशकं आपल्या राज्यात, आपल्या भाषेत, आपल्या मुलांवर चाललेली आहे. तरीही असंख्य वर्गांत आजही 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' हे समूहगान जुन्याच क्रमाने चालू आहे. ज्याने खटारा कधी बघितला नाही तेही पोर ते जोरात म्हणतं. म्हणण्याला वाचणं समजण्याची ही सवय मोडायला हवी.

दुसरं उदाहरण पालघर जिल्ह्यातलं. वाडा तालुक्यात सोनाळ्याला निलेश निमकर आणि त्यांची 'क्वेस्ट' ही संस्था काम करते. 2011 ते 2016 या काळात तिथल्या आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या मुलांवर एक दीर्घ अभ्यास झाला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी आणि कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या मागे पहिलीपासून तिसरीपर्यंत राहून वर्गात नेमकं काय होतं ते नोंदवलं. वर्गात लेखन म्हणून जे चालतं त्यात उतरवून काढण्याचा भागच मोठा, अर्थावर बोलणं अगदी थोडं, असं चित्र त्यातून समोर आलं. शिक्षकाला दोष देऊन हे प्रकरण मिटत नाही. त्यांना डी.एड.ला वाचन कसं शिकवायचं हे कुणी नीट शिकवलं? लहान मूल अक्षर कसं ओळखतं, कुठे अडखळतं, का अडखळतं, यावर किती तास झाले? पाठ-टाचण काढायला शिकवलं, आणि वर्गात सोडून दिलं.

आता लिहिण्याकडे येतो, कारण सगळ्यात मोठा अन्याय तिथेच होतो.

तिसरीतल्या एका मुलाने वहीत स्वतःहून लिहिलेलं वाक्य बघा: "माजी आय काल बजारात गेलि तीन मला भजी आनली." नेहमीच्या वर्गात काय होतं? लाल पेन निघतं. माजी ला गोल, आय ला गोल, बजारात ला गोल, गेलि ला गोल, आनली ला गोल. खाली शेरा, 'शुद्धलेखन सुधारा'. त्या मुलाला त्या दिवशी एकच धडा मिळतो, की मनातलं लिहिलं तर मार मिळतो आणि फळ्यावरचं लिहिलं तर शाबासकी. पुन्हा तो मनातलं लिहीत नाही. आणि सातवीत गेल्यावर आपणच विचारतो, याला निबंध का येत नाही?

आता तेच वाक्य नीट वाचा. या मुलाला ध्वनी वेगळे ऐकू येतात. तो ऐकतो तसं लिहितो. त्याला वेलांट्या ठाऊक आहेत, फक्त ऱ्हस्व-दीर्घ पक्कं नाही. त्याच्या घरात झ चा ज होतो आणि ण चा न होतो, म्हणून तो तसं लिहितो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्याकडे सांगायला गोष्ट आहे. हुशार बाई आधी विचारतील, "कसली भजी होती रे?" तो म्हणेल, "मिरचीची." बाई म्हणतील, "मग ते पण लिही की." वाक्य लांबलं. मग बाई त्यालाच वाचायला लावतील आणि विचारतील, "भजी तीनच आणली का?" तो गोंधळेल, पुन्हा वाचेल आणि स्वतःच म्हणेल, "नाही ओ बाई, तिनं आणली!" 'तीन' आणि 'तिनं' मधला फरक त्या मुलाला आता जन्मभर पुरेल, कारण वेलांटी चुकली की भज्यांची संख्या बदलते हे त्याने स्वतः पाहिलं. शुद्धलेखन असं शिकवतात. वाचणाऱ्याला आपलं म्हणणं नीट कळावं म्हणून ते लागतं, हे मुलाला कळलं की तो ते मनापासून शिकतो. मला शुद्धलेखन हवंच आहे. लाल गोल नकोत.

घरच्या बोलीचा प्रश्न यालाच लागून आहे. वाड्या-जव्हारच्या मुलाच्या घरी वारली बोलतात, खानदेशात अहिराणी, सातपुड्यात पावरी. मेळघाटात कोरकू आणि भामरागडला माडिया. यांतली कोरकू मुंडा भाषाकुळातली आणि माडिया द्राविडी, मराठीशी त्यांचं कुळाचं नातंच नाही. त्या मुलाला पहिल्या दिवशी आपण दोन ओझी देतो, नवी भाषा आणि नवी लिपी. वर त्याने तोंड उघडलं की 'नीट बोल' म्हणतो. ज्याला बोलू दिलं नाही ते मूल वाचेल कसं? पहिले काही महिने त्या मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्या, त्याचे शब्द आपल्या लिपीत फळ्यावर लिहा, मग हळूहळू मराठीकडे न्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला राहिल्या. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं, हे त्यांनी पाड्यावर जाऊन, गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढून दाखवलं. आपण त्यांचे फोटो भिंतीवर लावले. मुलाकडे जायचं मात्र राहिलं.

आता सरकारकडे वळतो. 5 जुलै 2021 रोजी 'निपुण भारत' हे अभियान सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्टाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिसरीत मिनिटाला किमान 60 शब्द हा त्यातला निकषही मला चुकीचा वाटत नाही. फार सावकाश वाचणाऱ्या मुलाची दमछाक होते, वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत ते सुरुवात विसरतं, मग अर्थ हाती कसा लागणार? पण गती येते कशाने? सोपी, मजेची, भरपूर पुस्तकं पुन्हापुन्हा वाचून. घड्याळ लावून तोच उतारा घोटून घेतला की मूल तो उतारा पाठ म्हणतं. अधिकारी खूश होतात, मोबाईलवर व्हिडिओ जातो, आणि दुसरा उतारा समोर ठेवला की सगळं उघडं पडतं.

पुस्तकं आहेत का? आहेत. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' पहिलीच्या मुलाच्या हातात द्या आणि बघा ते खाली ठेवतं का. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट मिळतात. कितीतरी शाळांत पुस्तकपेटी आलेलीही असते. ती कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असतं, कारण पुस्तक फाटलं तर भरपाई मुख्याध्यापकांकडून. माझी विनंती आहे, एक आदेश काढा: वर्गात वापरून फाटलेल्या पुस्तकाची भरपाई कुणीही मागणार नाही. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं. वर्षाच्या शेवटी कोरी करकरीत पुस्तकं दाखवणाऱ्या शाळेला जाब विचारा.

आणि वेळ? वाचायला शिकवायला रोज सलग वेळ लागतो, आणि दुर्मीळ झाली आहे ती हीच गोष्ट. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग. त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, सर्वेक्षण, बैठक, आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर 'आज दुपारपर्यंत तातडीने सादर करावे'. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. पळवाटा सगळ्यांना पाठ आहेत. शिक्षक फोनकडे बघतो तेवढा वेळ पहिलीचं मूल रिकामं बसतं. मग त्याला सांगितलं जातं, "फळ्यावरचं लिहून काढा." वहीतली ती भरलेली पानं इथून येतात.

आणि शिक्षक? महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगासमोर निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला बरा पगार मिळावा, अशी मागणी होती. मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता यावी, हिशेब यावा, असा अभ्यासक्रमही त्यांनी मांडला होता. आज काय आहे? तरुण माणूस 'शिक्षण सेवक' म्हणून तीन वर्षं मानधनावर काम करतो. 2023 पर्यंत प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला 6,000 रुपये मिळत होते. तेव्हा कुठे ते 16,000 झाले. पहिलीचा वर्ग बहुतेकदा नव्या माणसाच्या गळ्यात पडतो, आणि अनुभवी माणूस शिष्यवृत्ती परीक्षेचा वर्ग घेतो, कारण तिथे निकाल लागतो, नाव होतं. हे उलटं करा. शाळेतला सगळ्यात अनुभवी, सगळ्यात चिवट शिक्षक पहिलीला द्या आणि त्याला दुसरीपर्यंत तिथून हलवू नका.

2025 च्या उन्हाळ्यात आपण पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर रान उठवलं. एप्रिलमध्ये शासन निर्णय आला, जूनमध्ये दुसरा आला, 29 जूनला दोन्ही मागे घेतले. त्या विरोधात मीही मनाने होतो. पण मराठीच्या नावाने रस्त्यावर येणाऱ्या पक्षांना आणि साहित्यिकांना माझा एक थेट प्रश्न आहे. मराठी शाळेतलं मूल तिसरीत मराठी वाचू शकत नाही, यासाठी आपण एक तरी मोर्चा काढला का? भाषेवर प्रेम असेल तर ते पहिलीच्या वर्गात दिसलं पाहिजे.

बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचंही सांगायला हवं. दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि मूलही कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, जातं. परत येतं तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. अक्षरांचा डोंगर चढायचे नेमके महिने त्याचे उसाच्या फडाजवळ जातात. पुढच्या वर्षी ते दुसरीत बसतं आणि फळा उतरवतं. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहे. ती प्रत्येक गावात वेळेवर सुरू होते का, हे तपासणं फार अवघड काम नाही. पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आणून त्या मुलाला नापास करणं मात्र आपल्याला लगेच जमलं.

मागणी तीन ओळींत बसते. पहिली-दुसरीला रोज सकाळचे दोन तास फक्त वाचन-लेखनाचे, आणि त्या वेळात शिक्षकाला एकही फोन नाही, एकही लिंक नाही, एकही बैठक नाही. प्रत्येक वर्गात हाताला लागतील अशी उघडी पुस्तकं. आणि प्रत्येक मुलाचं रोज एक तरी वाक्य स्वतःच्या मनातलं, कितीही चुका असलेलं.

शेवटचं तुमच्यासाठी, पालकहो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने तुमच्या आहेत. पुढच्या बैठकीत पोषण आहार आणि रंगरंगोटीचे विषय झाले की उभे राहा आणि वही मागा. तिच्यातली फळ्यावरून उतरवलेली पानं बाजूला ठेवा आणि विचारा, यात माझ्या मुलीने स्वतःच्या मनाने लिहिलेलं पान कुठलं? पान दाखवलं तर त्या बाईंचं सगळ्यांसमोर अभिनंदन करा. नसेल तर पुढच्या बैठकीला पुन्हा तेच विचारा, आणि ते पान मिळेपर्यंत विचारत राहा.